हयातीची साक्ष

आमच्या मंडळीत 'साक्ष' हा शब्द मिठासारखा रोजच्या वापरातला आहे. बुधवारच्या प्रार्थनेला कोणीतरी उठून सांगतं, "आज एसटीत एका बाईंना साक्ष दिली," आणि बाकीचे खुशीत माना डोलावतात. म्हणजे काय, तर येशूने आपल्यासाठी काय केलं ते एका अनोळखी माणसाला सांगितलं. मी हा शब्द परकर नेसायच्या वयापासून ऐकत आले. त्याचं एक घर कोर्टकचेरीतही आहे, खरं तर मूळ घर तेच, हे मी साफ विसरून गेले होते. त्याची आठवण मला खालापुरात एका मेलेल्या बाईने करून दिली.

मी मूळची नगरकडची. लग्न होऊन कर्जतला आले आणि रसायनीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी योगासनांना जायला लागल्या. मी पर्समध्ये पत्रकं भरून हिंडायला लागले. स्वभावच तसा, गप्प बसवत नाही. नवरा म्हणतो, तू प्रार्थनेतसुद्धा देवाला मध्ये बोलू देत नाहीस.

माझ्या जागा ठरलेल्या होत्या. कर्जतचा एसटी स्टँड, खोपोलीत वडापावच्या गाडीशेजारचा कट्टा, आणि मिनीडोर रिक्षा. मिनीडोरमध्ये समोरासमोरच्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागलेले असतात, त्यामुळे कोणाला उठून जाता येत नाही, हा मोठा फायदा. कोणी ऐकून घेई, कोणी पत्रकाची होडी करून पोराच्या हातात देई. "तांदूळ किती मिळतात वो तुमच्यात आलं की?" हे तर हमखास. एकदा एका तरुणाने फोन माझ्या तोंडासमोर धरून विचारलं, "लोकांना बाटवायला आलात का?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे, चहात साखर कमी घाला हे मला तीस-पस्तीस वर्षांत नवऱ्याला पटवता आलेलं नाही. तुला काय बाटवणार?" आजूबाजूचे हसले, त्यालाही हसू आलं आणि त्याने फोन खिशात टाकला. पण त्यानंतर आठवडाभर मी पत्रकं घेऊन बाहेर पडले नाही. खोटं कशाला सांगू?

खालापूर मला सगळ्यांत आवडायचं. तिथे तहसील कचेरीत कामासाठी आलेली माणसं बाहेर झाडाखाली बसून असतात आणि त्यांच्याकडे वेळच वेळ असतो. साहेब जेवायला गेलेत, शिक्का सापडत नाही, लाइट गेली. अशा माणसाला कोणी बोलायला आलं तर तो कंटाळत नाही, उलट सरकून जागा देतो.

ती एप्रिलमधली सकाळ होती आणि ऊन आत्ताच मी म्हणत होतं. चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर एक म्हातारी एकटीच बसली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पळसाच्या पानात बांधलेली करवंदं. मी बाजूला टेकले. काही बोलायच्या आधीच तिने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि मान हलवली.

"मालक कवा गेलं वो बाय?"

हे मला नवीन नाही. कुंकू नाही म्हटल्यावर आमच्या नवऱ्यांना लोक परस्पर पोचवून टाकतात. "कुठे गेले, मावशी? घरी आहेत. पेपर वाचतायत."

"मंग कपाळ मोकळं का?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत."

"आसं व्हय," ती म्हणाली. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. पिशवीतली करवंदं काढून तिने माझ्या हातावर ठेवली. "खावा. हितं काय काम काढलंत?"

आणि मी, रोजची सवय, बोलून गेले, "मी साक्ष द्यायला येते."

तिच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. ती पूर्ण माझ्याकडे वळून बसली. "साक्ष देता? हितं? कोनाची देता?"

मला वाटलं, दार उघडलं. कधी कधी असं होतं, समोरचं माणूस स्वतःहून विचारतं आणि मग बोलण्याला ओघ येतो. मी सांगायला लागले. एक जण होता, त्याने कोणाचं वाईट केलं नाही, तरी लोकांनी त्याला मारला, पुरला, आणि तिसऱ्या दिवशी तो जिवंत झाला. तो मेलेला नाही, मावशी, जिवंत आहे, त्याचीच साक्ष मी देते.

ती डोळ्याची पापणी न हलवता ऐकत होती. इतकं लक्ष देऊन मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी थांबले तसा तिने माझा दंड धरला.

"मंग माजी बी द्या की! मी बी तशीच हाय. कागदावर मेलेली हाय, आन हितं जिती बसलीय."

मला काही कळेना. तेवढ्यात कचेरीतून एक माणूस घाईघाईने आला. तिचा शेजारी, साजगावच्या कारखान्यात कामाला, अर्धी सुट्टी टाकून तिच्याबरोबर आलेला. त्याने सगळं नीट सांगितलं. त्यांच्या गावात निम्म्या घरांचं आडनाव एक, आणि या मावशीच्या नावाची, नवऱ्याचंही नाव तेच असलेली, दुसरी एक बाई होती. गेल्या वर्षी ती वारली. तिच्या पुतण्याने मृत्यूची नोंद करताना रेशन दुकानातून आधार कार्डाची झेरॉक्स उचलली ती चुकून या मावशीची. पोरगा बिचारा रडवेला झाला होता नंतर, पण व्हायचं ते होऊन गेलं. मावशी रेशनला गेली, मशीनवर अंगठा लावला, तर मशीन म्हणे मयत. निराधारांचं अनुदानही थांबलं. एकटी बाई, मागेपुढे कोणी नाही, त्या तांदळावर आणि त्या अनुदानावर घर चालायचं.

आता सगळे कागद झाले होते. फक्त ओळखणारे दोन साक्षीदार साहेबांसमोर उभे करायचे होते. एक हा शेजारी. दुसरे गावातले निवृत्त पोस्टमन येणार होते, पण त्यांचा आत्ताच फोन आला, गुडघा धरला, पलंगावरून उतरता येत नाही. आणि साहेब उद्यापासून निवडणुकीच्या कामावर. परत कधी बसतील ते तेच जाणोत.

"गावातून दुसऱ्या कोनाला आनायचं तं येईपर्यंत साहेब निगून जातील," तो म्हणाला.

"कशाला आनतो रं?" मावशी म्हणाली. "ही बाय हाय ना. साक्ष द्यायचंच काम करती. मेलेला जिता झाला त्याची बी देती."

शेजाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी काय सांगू! कचेरीच्या आवारात पैसे घेऊन कोणासाठीही उभे राहणारे साक्षीदार असतात म्हणे. त्याला मी त्यातलीच वाटले असणार.

मी घाईने तिला समजावलं. मावशी, ती साक्ष वेगळी. ती देवाधर्माची. इथे मी तुम्हाला ओळखते असं सांगावं लागेल, आणि मी तर तुम्हाला ओळखत नाही. खोटी साक्ष आमच्यात मोठं पाप आहे.

 मग अगदी साधेपणाने, कुठलाही डाव नसलेल्या आवाजात तिने विचारलं, "आन त्याला वळखता? पाह्यलाय तुमी?"

या प्रश्नाची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. निदान चार तरी. मिनीडोरमध्ये कितीदा दिली असतील. त्या दिवशी ती सगळी बाजूला ठेवली. मी म्हटलं, "नाही पाहिला."

"म्हंजी आयकलेलं."

"ऐकलेलं. पण मनापासून मानलेलं."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मंग आयका. साहेब जेवून येईस्तोवर टाइम हाय. मी सांगते, तुमी वळखा."

आणि ती सांगायला लागली. मी, जिच्या तोंडाला कुलूप नाही म्हणून माहेरी-सासरी ख्याती, करवंदं हातात धरून गप्प ऐकत बसले.

माथेरानच्या पायथ्याचं माहेर. भातशेतीत आयुष्य गेलं. नवरा कारखान्याच्या गेटवर राखणदार होता. दोन मुलं झाली, दोन्ही लहानपणीच गेली. हे ती असं सांगत होती जसं कोणी पावसाचं सांगावं, यंदा लवकर आला, गेल्या साली उशिरा. मोठा रस्ता झाला तेव्हा शेताचा तुकडा गेला, मग ती जुन्या हायवेला करवंदं-जांभळं विकायला बसू लागली. नवरा गेला. म्हैस होती, ती विकली. हे सगळं झाल्यावर ती आपल्या मरणाशी आली, आणि तिथे मात्र तिचा आवाज चढला, डोळे चमकायला लागले.

"त्या दुसरीच्या दहाव्याला मी गेल्ते. आमच्याकडं बाया घाटावर जात नायत. पन नाव माजंच घेनार म्हनून मी गेले, लांब झाडाखाली हुभी राह्यले. भटजीनं नाव घेतलं. माजं, माज्या मालकाचं, सगळं तेच. आंगावर काटा आला बगा. पिंड ठेवला न ठेवला तं कावळा शिवला. लोकं म्हनाली, बाईची काय इच्छा राह्यली नाय. मी मनात म्हनलं, आरं, राह्यलीय की! रेशनचं तांदूळ आनायचं राह्यलंय!"

शेजारी हसून हसून वाकला. मीही हसले. ती नाही हसली. ती पुढे सरकली आणि हळू बोलली.

"तवा कुटं म्हाईत व्हतं, कागदावर बी मीच मेलीय म्हनून. नंतर कळलं. पन बाय, त्या दिसापास्नं एक झालंय. सकाळी डोळं उघडलं की आदी वाटतं, आरं, हाय की मी! रोज वाटतं. भांड्यात पानी वतते, ते हातावर गार लागतं, तरी नवल वाटतं. इतकी वर्सं जिती व्हते तवा कदी नाय वाटलं."

 इतक्या वर्षांच्या नोकरीत मी माणसं शुद्धीवर येताना पाहिली आहेत, वायूच्या गळतीत घुसमटलेला कामगार पहिला श्वास घेताना पाहिलाय. प्रत्येक वेळी मी घड्याळ बघून नोंद करायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. नवल वाटायला सवड कुठे होती? आणि ही बाई, जिच्याकडे नवल करण्यासारखं काहीच उरलेलं नाही, ती रोज सकाळी हातावरच्या पाण्याने दिपून जात होती. मी चर्चमध्ये पुनरुत्थानाची गाणी गात वाढले. आवाज माझा चांगला आहे. पण 'जिवंत' या शब्दाचा एवढा धाक मला कधी वाटला नव्हता.

"झाली वळख?" तिने विचारलं, आणि हात पुढे केला. "बगा, हाय का जिती?"

मी सवयीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली. पातळ झालेली कातडी, खाली हाड, आणि त्या दोहोंच्या मध्ये नाडी. संथ, पण न चुकता चाललेली. मी किती वेळ बोटं तशीच ठेवून बसले कोण जाणे. शिपाई हाका मारायला आला तेव्हा मी भानावर आले.

साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, चेहरा दमलेला. मावशीला बघून त्यांनी हात जोडले. "मावशी, मला दिसतंय हो तुम्ही समोर उभ्या आहात. पण नुसतं मला दिसून भागत नाही. साक्षीदार आणलेत?"

शेजाऱ्याने आपलं सांगितलं. जन्मापासून ओळखतो, भिंतीला भिंत लागून घर आहे. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यांना कधीपासून ओळखता?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, खात्री होती, आणि ती जास्त जड होती. एक शब्द मी वाढवून बोलले असते तर तिचं काम तिथल्या तिथे झालं असतं. पुष्कळ वर्षांपासून, एवढंच म्हणायचं होतं. घशाशी आलंही होतं.

"आज सकाळपासून," मी म्हणाले.

शेजाऱ्याने कपाळावर हात मारला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, मग तुम्ही साक्ष कसली देणार?"

"साहेब, मी नर्स होते. मी यांची नाडी पाहिली आहे. या कोण, हे हा गाववाला सांगतोय. या जिवंत आहेत एवढं मी सांगू शकते. त्यापलीकडे मला काही माहीत नाही."

पंखा वर गरगरत होता. साहेबांनी मावशीचे कागद पुन्हा एकदा उलटून पाहिले. मला वाटलं, संपलं, माझ्या खरेपणाच्या सोसाने या बाईचा तांदूळ गेला. देवा, म्हटलं, मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. अशी प्रार्थना मी जन्मात पहिल्यांदाच केली.

मग साहेबांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. "ओळखीला हा, हयातीला तुम्ही. दोन झाले. मी बघतो कसं बसवायचं ते." आणि बाजूच्या कारकुनाला त्यांनी मजकूर सांगितला: सदर महिला हयात असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

कारकुनाने कागद पुढे सरकवला. मी सही करायला वाकले, आणि 'स्वतः पाहिले' या दोन शब्दांपाशी माझा हात अडला. आयुष्यभर मी साक्ष देत आले होते. पण जे डोळ्यांनी पाहिलं, बोटांनी चाचपलं, ते सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या पहिल्या लोकांना, ज्यांच्यापासून आमच्यापर्यंत ही गोष्ट आली, त्यांना असंच वाटलं असेल का? असं भीतीचं, आणि तरी हसू येणारं? मी सही केली. अक्षर माझं वळणदार आहे, पण ती सही वाकडी आली.

शिक्का बसला तेव्हा मावशीने शेजाऱ्याला विचारलं, "झाले मी जिती?" तो म्हणाला, "झालीस गं काकी." तिने पदराने तोंड पुसलं. ती रडत होती का, ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

बाहेर थांब्यावर खोपोलीच्या एसटीची वाट बघत बरीच माणसं उभी होती. मावशीने तिथल्या बायांना गाठलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. मी मेल्ते, ह्या बायनं माजी नाडी पाह्यली, साहेबाला खरं ते सांगितलं, मी जिती झाले. बाया तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने तर लांबूनच नमस्कार केला. मी लाजेने अर्धी झाले. पर्समधली पत्रकं पर्समध्येच राहिली, आणि ही बाई एकही कागद न वाटता अख्ख्या थांब्याला खिळवून उभी होती. तिला कोणाला काही पटवायचं नव्हतं. तिच्याबाबतीत घडलं होतं, ते पोटात मावत नव्हतं, म्हणून ती सांगत होती. मी बाजूला उभी राहून ऐकत होते, जशी एखादी शिकाऊ नर्स मोठ्या सिस्टरचा हात बघत राहते.

मग ती माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "बाय, एक इचारू? तुमचा तो, मेलेला जिता झाला तो. त्याला साक्षीदार कोन गावला?"

"बायका, मावशी," मी म्हणाले. "भल्या पहाटे बायका गेल्या होत्या कबरीकडे. पहिल्यांदा त्यांनीच येऊन सांगितलं, तो जिवंत आहे म्हणून."

"कोनाला सांगितलं?"

"पुरुषांना. त्याच्याच माणसांना."

"आन त्यांनी मानलं?"

"नाही. म्हणाले, बायका काहीतरीच बडबडतायत."

 एक वर्षभर ती दारोदार सांगत फिरली होती, मी जिती हाय, मी जिती हाय, आणि प्रत्येक दाराने तिला पुढचं दार दाखवलं होतं. ते सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं.

"मंग ते खरं आसंल," ती म्हणाली, आणि पिशवी काखेला मारून वळणावरून येणाऱ्या एसटीकडे चालू लागली.